धातुशोधक यंत्र कसें निवडावें?

आपल्या खेड्यापाड्यांतून एक समजूत फार जुन्या काळापासून चालत आलेली आहे. जें मूल पायांकडून जन्मास येतें त्यास पायाळू म्हणतात. आणि अशा मनुष्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलें असतां त्यास जमिनींत पुरलेलें धन दिसूं लागतें, असें लोक मानीत आले. ह्या समजुतीपायीं कित्येकांनीं आपल्या राहत्या घरांच्या भिंती खणून काढल्या, कित्येक मांत्रिकांच्या नादीं लागून कर्जांत बुडाले, आणि गुप्तधनाच्या लोभानें अघोरी कृत्यें करण्यापर्यंतही मनुष्याची मजल गेली. महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें अशीं कृत्यें गुन्हा ठरविलीं आहेत. अंजनाचा काळ सरत आला. परंतु जमिनीच्या पोटांत काय आहे हें जाणण्याची हौस मात्र सरलेली नाहीं. तिनें केवळ आपलें साधन बदललें आहे.

हें नवें साधन म्हणजे धातुशोधक यंत्र, ज्यास सर्वत्र मेटल डिटेक्टर म्हणतात. विज्ञानाच्या तासास नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, असलें यंत्र घ्यावयाचें झालें तर सर्वांत चांगलें कोणतें?” आम्हीं त्यास उलट प्रश्न केला, “तुला शोधावयाचें आहे काय?” तो म्हणाला, “जें सांपडेल तें!” वर्गांत हशा पिकला, पण त्या उत्तरांतच त्याची अडचण होती. जें सांपडेल तें सारखेंच उत्तम शोधणारें यंत्र अद्याप कोणीं केलेलें नाहीं. कोळ्याचें मासे धरण्याचें जाळें जसें माशाच्या आकारावरून व पाण्याच्या खोलीवरून ठरतें, तसेंच हें आहे. त्या विद्यार्थ्यास तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत जें सांगतां आलें नाहीं, तें येथें सविस्तर मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम यंत्राची रीत पाहूं. दांड्याच्या टोकास एक चपटी थाळी असते व तिच्यांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. एका वेटोळ्यांतून सतत दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह सोडला कीं थाळीभोंवतीं व तिच्याखालच्या मातींत सारखें पालटणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. ह्या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला म्हणजे त्याच्या अंगांत पाण्यांतील भोंवऱ्यांप्रमाणें लहान लहान प्रवाह फिरूं लागतात. फॅरडे ह्या शास्त्रज्ञानें १८३१ सालीं शोधून काढलेल्या नियमाचाच हा परिणाम होय. ह्या भोंवऱ्यांचें स्वतःचें एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असतें. तें थाळींतील दुसऱ्या वेटोळ्यास जाणवतें आणि शोधकाच्या कानांत आवाज उमटतो. म्हणजे हें यंत्र जमिनींतील वस्तु पाहत नाहीं. तें जमिनीस हांक मारतें, आणि धातूनें दिलेली ओ ऐकतें. रेल्वेच्या स्थानकांवर व मोठ्या देवस्थानांच्या दारांत ज्या चौकटींतून आपणांस जावें लागतें, त्यांचेंही मूळ तत्त्व हेंच.

ह्या शोधाचा आरंभ धनाच्या लोभांतून झाला नाहीं, एक जीव वांचविण्याच्या धडपडींतून झाला. १८८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांस वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकांत एका माथेफिरूनें गोळी घातली. गोळी शरीरांत कोठें अडकली आहे तें वैद्यांस कळेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनीं घाईघाईनें विद्युत्प्रेरणाचें एक यंत्र सिद्ध करून तें अध्यक्षांच्या अंगावरून फिरविलें. प्रयोगशाळेंत उत्तम चालणारें तें यंत्र रुग्णशय्येशीं मात्र गोंधळलें. गादीखालीं पोलादी तारांच्या कमानी होत्या. त्या यंत्रास फसवीत असाव्यात. शिवाय मुख्य वैद्यांची खात्री होती कीं गोळी उजव्या अंगास आहे, आणि शोध तेवढ्याच भागांत करूं दिला गेला. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष निवर्तले. शवपरीक्षेंत गोळी डाव्या अंगास आढळली.

ह्या कथेंत यंत्र निवडणाऱ्यानें शिकावयाच्या दोन गोष्टी आहेत. भोंवतालच्या लोखंडाचा बंदोबस्त केल्याशिवाय यंत्राचें बोलणें समजत नाहीं, ही पहिली. आणि दुसरी ही कीं मनुष्यानें आधींच मनाशीं उत्तर ठरवून ठेवलें असेल तर उत्तम यंत्रही त्यास तारूं शकत नाहीं.

पुढें १९३७ सालीं गेरहार्ड फिशर ह्यांनीं अमेरिकेंत हातांत धरून चालावयाच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. दुसऱ्या महायुद्धांत युझेफ कोसाट्स्की ह्या पोलिश अधिकाऱ्यानें जमिनींत पुरलेले सुरुंग हुडकण्याचें यंत्र तयार केलें, आणि १९४२ सालीं एल् अलामेनच्या रणांगणावर अशीं ५०० यंत्रें वापरलीं गेलीं. युद्ध संपल्यावर उरलेलीं सैनिकी यंत्रें बाजारांत आलीं. तीं घेऊन लोक शेतांतून जुनीं नाणीं शोधूं लागले, आणि मग केवळ हौशी लोकांसाठीं यंत्रें करणारे कारखाने निघाले.

आतां निवडीकडे वळूं. यंत्रास तीन प्रश्न विचारावे लागतात: तुझी हांक किती वेगाची, तुझी थाळी केवढी, आणि नको असलेली ओ तूं कशी टाळतोस?

हांकेचा वेग म्हणजे विद्युत्प्रवाहाची कंपनसंख्या. ती सेकंदास ५ ते ८ हजार एवढी मंद असली तर चांदीचीं जाड नाणीं, तांब्याच्या मोठ्या वस्तु असे उत्तम वाहक पदार्थ चांगले ऐकूं येतात. ती ४० हजार किंवा त्याहून अधिक असली तर तांदळाच्या दाण्याएवढा सोन्याचा कणही ओ देतो. पण खोलवर पोंचण्याची यंत्राची शक्ति घटते. १५ हजारांच्या आसपासचीं यंत्रें मध्यममार्गी. तीं पुष्कळ कामें बऱ्यापैकीं करितात, पण कोणत्याही एका कामांत अग्रेसर नसतात. अलीकडे एकाच वेळीं अनेक कंपनसंख्यांची हांक मारणारीं यंत्रेंही निघालीं आहेत, व त्यांचा विशेष उपयोग कोठें होतो तें पुढें येईलच.

थाळीचेंही असेंच. मोठी थाळी मोठ्या वस्तूचा ठाव खोलवर घेते, पण बारीक वस्तु तिच्या हातून निसटतात. आणि जेथें खिळे व पत्र्याचे तुकडे दाट पसरलेले असतील तेथें ती चार वस्तूंची ओ एकदम ऐकून गोंधळते. लहान थाळी कमी खोल जाते, पण दोन खिळ्यांच्या मध्यें पडलेलें नाणें वेगळें काढून दाखविते.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. प्रत्येक धातूची ओ थोड्या निराळ्या वेळानें परत येते. ह्या फरकावरून यंत्र तर्क करितें कीं खालीं लोखंड आहे, कीं चांदी, कीं दुसरें कांहीं. पडद्यावर एक अंक उमटतो, आणि नको त्या अंकांस गप्प बसविण्याची सोयही असते. नवशिक्यास वाटतें, हें फार उत्तम. सगळा केरकचरा गप्प करूं व सोनें तेवढें ऐकूं. परंतु येथेंच तो फसतो. पेयांच्या डब्यांवरील अॅल्युमिनियमची ओढावयाची कडी व सोन्याची नाजूक अंगठी ह्यांची ओ बहुधा एकाच अंकावर येते. कडी गप्प केली कीं अंगठीही गप्प झाली. ज्यास सोन्याची अंगठी हवी, त्यानें शंभर कड्या उकरण्याची तयारी ठेवावी. ह्यास दुसरा उपाय नाहीं.

खोलीविषयीं विक्रेते फार बोलतात, म्हणून तिचा नियम विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावा. हांक खालीं जातांना क्षीण होते, आणि ओ वर येतांना पुन्हां तितकीच क्षीण होते. म्हणून नाण्यासारख्या लहान वस्तूची खोली, थाळीच्या मानानें ती बरीच खालीं असतां, दुप्पट केली, तर ओ अर्धी होत नाहीं. ती सुमारें चौसष्टाव्या हिश्शावर येते. ह्याच कारणानें दुप्पट किंमतीचें यंत्र दुप्पट खोल जात नाहीं. नाण्याएवढी वस्तु साधारणतः वीतभर खोलीपर्यंत ऐकूं येते. पुरुषभर खोलीवरील एक नाणें दाखवितों असें जो सांगतो, त्याच्या दुकानाची पायरी चढूं नये.

ह्या तीन प्रश्नांची उत्तरें शोधाच्या प्रकाराप्रमाणें कशीं पालटतात, तें आतां क्रमानें पाहूं.

पहिला प्रकार नांगरलेल्या शेतांतील नाण्यांचा. ह्याचें माहेरघर इंग्लंड. रोमन, सॅक्सन, नॉर्मन अशा अनेक राजवटींचीं नाणीं तेथील शेतांतून विखुरलेलीं आहेत. येथें मध्यम कंपनसंख्येचें, वजनास हलकें व लोखंड ओळखणारें यंत्र पुरतें. दिवसभर दांडा इकडून तिकडे फिरवावयाचा असतो. म्हणून हलकेंपणा हा येथें चैनीचा भाग नसून मनगटाच्या आरोग्याचा भाग आहे.

दुसरा प्रकार समुद्रकिनाऱ्याचा. स्नानास आलेल्यांचीं बोटें थंड पाण्यानें आकसतात व अंगठ्या गळून पडतात; तेव्हां येथील धन जुनें नसून कालपरवां हरवलेलें असतें. कोरड्या वाळूंत कोणतेंही यंत्र चालतें. ओल्या वाळूंत मात्र खारें पाणी स्वतःच विद्युद्वाहक असल्यानें साधें एककंपनी यंत्र लाटेगणिक खोटें ओरडतें. येथें अनेक कंपनसंख्यांचें यंत्र हवें, आणि तें पाण्यांत बुडालें तरी बिघडणारें नसावें. काळी वाळू असेल तेथें अडचण आणखी वाढते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट नांवाच्या लोहयुक्त खनिजाची जी काळसर वाळू आढळते, ती ह्याच जातीची.

तिसरा प्रकार नैसर्गिक सोन्याच्या गोळ्यांचा. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत १८५१ सालापासून सोनें निघूं लागलें, व तेथें आजही सरकारी परवाना घेऊन हौशी लोक सोनें शोधीत फिरतात. १९८० सालीं किंगोवर गांवाजवळ एका गृहस्थास अशाच यंत्रानें २७ किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा गोळा सांपडला, आणि तो जमिनीच्या पृष्ठभागापासून हातभरही खोल नव्हता! परंतु तेथील तांबडी माती लोहयुक्त आहे, अगदीं आपल्या कोंकणांतील जांभ्याच्या मातीसारखी. तिच्यांत साधें यंत्र मातीचीच ओ ऐकत बसतें. म्हणून तेथें पल्स इंडक्शन नांवाची निराळी जात वापरितात. हें यंत्र सतत हांक मारीत नाहीं. तें क्षणभर ओरडतें, थांबतें, आणि त्या शांततेंत धातूचे भोंवरे कसे विरत जातात तें ऐकतें. मातीचा व खाऱ्या पाण्याचा त्रास त्यास कमी होतो व तें खोलही जातें. उणीव ही कीं लोखंड व सोनें ह्यांतील भेद तें फारसा करीत नाहीं. म्हणून सोनें शोधणारा आपल्या कुदळीस एक लोहचुंबक बांधतो, आणि उकरलेल्या मातींतून खिळे त्यावर वेंचून घेतो. अगदीं बारीक कणांसाठीं मात्र उच्च कंपनसंख्येचें साधें यंत्रच सरस ठरतें.

चौथा प्रकार खोल पुरलेल्या मोठ्या ठेव्याचा, म्हणजे हंडा, पेटी अशा वस्तूंचा. ह्यासाठीं दोन थाळ्या दांड्याच्या दोन टोकांस दूर दूर बसविलेलें यंत्र असतें. सुटें नाणें वा खिळा त्यास ऐकूंच येत नाहीं. हंड्याएवढी वस्तु मात्र हातां-दोन हातांखालूनही ओ देते. आमच्या विद्यार्थ्याच्या मनांत बहुधा हेंच यंत्र असावें. आणि हेंच यंत्र कोणाही हौशी मनुष्यानें घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ह्याचें कारण नांगराच्या फाळांत आहे. शेतांत नांगर वीत-दीड वीत खोल जातो. तेवढ्या थरांतील वस्तु शतकानुशतकें उलथापालथ होऊन आपली जागा सोडून बसलेल्या असतात. त्या उचलल्यानें फारसें बिघडत नाहीं. नांगराखालीं मात्र प्रत्येक वस्तु पुरणाऱ्यानें ठेवली तेथेंच असते. ती कशाच्या शेजारीं आहे, कशांत गुंडाळली आहे, वर कोणती माती आहे, ह्यावरून इतिहास लिहितां येतो. ती घाईनें उपसली कीं सोनें हातीं राहतें व इतिहास जातो. म्हणूनच इंग्लंडांतील हौशी शोधकांसाठीं केलेल्या आचारसंहितेंत नांगरलेल्या थरांतच राहावें असा उपदेश आहे. ज्यास तो पाळावयाचा आहे, त्यास पुरुषभर खोलीचें यंत्र हवेंच कशाला?

किंमतीचा मोह पडतो त्यांनीं स्टॅफर्डशायरचें उदाहरण पाहावें. २००९ च्या जुलै महिन्यांत तेथील एका नांगरलेल्या शेतांत अँग्लो-सॅक्सन काळांतील सोन्याचांदीचे ४,००० हून अधिक तुकडे मिळाले. त्यांतील सोनेंच सुमारें ४ किलो भरलें. ठेव्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली व ती शोधक आणि शेतकरी ह्यांस मिळाली. तो शोधक जें यंत्र घेऊन शेतांत उतरला होता, तें १४ वर्षांचें जुनें होतें.

आणि यंत्राहून मनुष्य केवढा मोठा ठरतो, हें सफोक परगण्यांतील हॉक्सन गांवीं दिसून आलें. १९९२ च्या नोव्हेंबरांत तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. त्याचा स्नेही एरिक लॉज हा निवृत्त माळी आपलें यंत्र घेऊन हातोडा शोधूं लागला, तों चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने व नाणीं वर येऊं लागलीं. आपणांपैकीं किती जणांनीं अशा वेळीं हात आवरला असता? लॉजनें थोड्या वस्तु हातीं येतांच खणणें थांबविलें व अधिकाऱ्यांस कळविलें. दुसऱ्या दिवशीं पुराणवस्तुशास्त्रज्ञ आले. त्यांनीं मातीचा एकेक थर काढीत सारा ठेवा उचलला. १४,८६५ रोमन नाणीं व सुमारें २०० सोन्याचांदीच्या वस्तु निघाल्या. पण त्याहून मोलाची गोष्ट ही कीं कुजून गेलेल्या लांकडी पेटीचा आकार, आंतील लहान डब्यांचीं चिमुकलीं चांदीचीं कुलुपें, वस्तु भरतांना घातलेल्या गवताच्या व कापडाच्या खुणा, हें सर्व समजून आलें. शेवटच्या नाण्यांवरून हा ठेवा इसवी सन ४०७ नंतर, म्हणजे ब्रिटनमधील रोमन सत्ता मावळत असतां पुरला गेला, असें ठरलें. त्यांत चांदीच्या चार मिरीदाण्या आहेत, आणि त्या काळीं रोमन साम्राज्यांत मिरीं जात तीं आपल्या मलबार किनाऱ्यावरून! लॉजला १७ लाख ५० हजार पौंडांचें बक्षीस मिळालें. त्यानें तें शेतकऱ्याबरोबर वांटून घेतलें. हरवलेला हातोडाही सांपडला. तो आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांत आहे.

ह्याच्या उलट गोष्टही सांगितली पाहिजे. २०१५ सालीं इंग्लंडांत एकाच काळांतील दोन ठेवे निरनिराळ्या ठिकाणीं सांपडले. दोन्ही नवव्या शतकांतील, आणि दोहोंत एक दुर्मिळ नाणें होतें, ज्यावर दोन राजे शेजारीं बसलेले दाखविले आहेत. हें नाणें वेसेक्सचा राजा आल्फ्रेड व मर्सियाचा राजा सीओलवुल्फ ह्या दोघांच्याही नांवें पाडलेलें आढळतें. आल्फ्रेडच्या पक्षाच्या बखरीनें सीओलवुल्फला केवळ एक मूर्ख सरदार, परकीय व्हायकिंगांच्या हातांतील बाहुलें, असें रंगविलें होतें. नाणीं मात्र सांगत होतीं कीं हे दोघे कांहीं काळ बरोबरीचे मित्र होते. ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनच्या शोधकानें तत्काळ वर्दी दिली. तेथील ठेवा मातीच्या ढेकळासकट उचलून म्युझियममध्यें नेण्यांत आला, १८६ नाण्यांचा अभ्यास झाला, आणि बखरींनें झांकलेलें सत्य उजेडांत आलें. पुढें ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन म्युझियमनें तो साडेतेरा लाख पौंडांस विकत घेतला. दुसरा ठेवा हेरफर्डशायरमध्यें मिळाला. तेथील दोघां शोधकांनीं कोणास न कळवितां तो गुपचूप विकावयास काढला. त्यांच्या फोनमधून पुसून टाकलेलीं छायाचित्रें पोलिसांनीं परत मिळविलीं. त्यांवरून सुमारें ३०० नाणीं असावींत असें दिसलें, पण खटल्याच्या वेळेपर्यंत हातीं आलीं तीं अवघीं ३१. २०१९ सालीं दोघांस दीर्घ मुदतीच्या कारावासाची शिक्षा झाली. ते तुरुंगांत गेले हा त्यांचा तोटा. बाकीचीं नाणीं काय सांगणार होतीं हें कळलें नाहीं, हा साऱ्यांचा तोटा. यंत्रें दोन्हीकडे सारखींच होतीं. फरक पडला तो ओ ऐकूं आल्यानंतरच्या वागणुकीनें.

इंग्लंडांत १९९६ सालीं ह्यासंबंधीं नवा कायदा झाला. ठेवा सांपडल्यावर १४ दिवसांच्या आंत वर्दी द्यावी लागते, आणि प्रामाणिक शोधकास योग्य बक्षीस मिळतें. साध्यासुध्या वस्तु स्वखुषीनें नोंदविण्याचीही व्यवस्था १९९७ पासून आहे. तींत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झालेली आहे.

आपल्याकडे काय? येथें हा छंद इंग्लंडांतल्यासारखा रुळलेला नाहीं, व नियमही निराळे आहेत. १९५८ च्या कायद्यान्वयें संरक्षित स्मारकें व प्राचीन स्थळें ह्यांच्या आवारांत परवान्याशिवाय खणणें गुन्हा आहे. तेव्हां यंत्र घेऊन किल्ल्यावर जाण्याचा विचार कोणीं मनांतही आणूं नये. जमिनींत सांपडलेल्या धनासाठीं १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास तें काय आहे, केवढें आहे, कोठें व कोणत्या दिवशीं मिळालें, हें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावें लागतें. धन शंभर वर्षांहून जुनें व बेवारस ठरलें, आणि शोधक व जमिनीचा मालक ह्यांच्यांत निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधकाचें व एक चतुर्थांश मालकाचें, अशी त्यांत वांटणी आहे. सरकारनें तें ठेवून घ्यावयाचें ठरविलें तर धातूच्या किंमतीवर आणखी एक पंचमांश देण्याचीही तरतूद आहे. जो लपवितो त्याचा हिस्सा मात्र सरकारजमा होतो, व त्यास एक वर्षापर्यंत कारावासही होऊं शकतो. लोकांस भय वाटतें कीं सांगितलें तर सगळेंच जाईल; कायदा वाचला तर उलट दिसतें कीं लपविलें तर सगळें जातें.

सांगितल्यानें काय मिळतें ह्याचें उदाहरण नाशिक जिल्ह्यांतच आहे. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सांपडला. तीं क्षत्रप राजा नहपान ह्याचीं होतीं. पण त्यांतील सुमारें दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का पुन्हां मारलेला होता. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या राजाची मुद्रा, ह्याहून विजयाचा बोलका पुरावा कोणता? तीं नाणीं चांदी म्हणून मुशींत गेलीं असतीं, तर कांहीं किलो चांदी मिळाली असती, आणि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचें एक पान कायमचें गेलें असतें.

म्हणून आमच्या वाचकांस आमची सूचना अशी. विहीर, पाया वा शेत खणतांना कांहीं जुनें आढळलें तर तेथेंच थांबावें. वस्तु जेथें आहे तेथेंच तिचें छायाचित्र घ्यावें, खोली मोजावी, आणि वर्दी द्यावी. घरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांप्रमाणें तिला चिंच व राख लावून घासूं तर मुळींच नये. त्या चकाकीबरोबर अक्षरेंही जातात. यंत्र घ्यावयाचेंच असेल तर आधीं आपल्या परसांत एक खिळा, एक जुना पैसा, एक पेयाच्या डब्याची कडी व एक अंगठी निरनिराळ्या खोलींवर पुरावी, जागा लिहून ठेवावी, आणि प्रत्येकीची ओ ओळखूं येईतों सराव करावा. थाळी जमिनीशीं समांतर व हळू फिरवावी, मागच्या फेरीवर पुढची फेरी थोडी चढवावी, आणि उकरलेला खड्डा बुजविल्याशिवाय पाऊल पुढें टाकूं नये. इतकें साधलें कीं शेजारच्या काकूंची गवतांत पडलेली कुडी शोधून देण्यांत, शेतकऱ्याचा हरवलेला विळा काढून देण्यांत, हें यंत्र उत्तम कामास येतें. हातोडा शोधावयास निघालेल्या एरिक लॉजचा धंदा तरी दुसरा काय होता?

आमच्या त्या विद्यार्थ्यास आतां उत्तर देतां येईल. बाळ, शेतासाठीं मध्यम कंपनसंख्येचें व हलकें, ओल्या किनाऱ्यासाठीं अनेककंपनी, तांबड्या मातींतील सोन्यासाठीं पल्स इंडक्शनचें, बारीक कणांसाठीं उच्च कंपनसंख्येचें. असें हें सरळ गणित आहे, आणि तें दुकानदारही तुला सांगेल. परंतु ओ ऐकूं आल्यावर फावडें कोठें थांबवावें, हें सांगणारा कांटा कोणत्याच यंत्रास बसविलेला नाहीं. तो ज्याच्यापाशीं आहे, त्याच्या हातीं जुनें यंत्रही शोभतें.